भिंतीच्या उबेतली कण्हेर

माणसाने गोड बोलावं, कोण नको म्हणतं. पण इतकंही गोड बोलू नये की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी. धाकट्या भाऊजींचं तसं होतं. रोपवाटिकेच्या फाटकातून गिऱ्हाईक आत पाऊल टाकतंय न टाकतंय तोच हे हसत पुढे. हे सावलीत येईल का? न यायला काय झालं. भिंतीवर चढेल का? चढेल, वरून खाली उतरेल. आणि थंडीत टिकेल का म्हटलं की, टिकेल काय, वाढेल! अहो, थंडीत वाढतं ते फक्त अंगावरचं पांघरूण, आणि हे तोंड वर करून जास्वंद वाढेल म्हणून सांगणार. सगळा गाव त्यांना होयबा म्हणायचा आणि त्यांना ते कौतुक वाटायचं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या होला कवडीची किंमत नसते, हे थोरलीने त्यांना हजारदा ऐकवलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

थोरली म्हणजे त्या घरची मोठी सून, होयबाची वहिनी. ती लग्न होऊन आली तेव्हा हा दीर नाकाला शेंबूड आणि हातात मोडका डबा घेऊन दारात उभा होता. सासूला रोपांमधून डोकं वर काढायला सवड नव्हती, म्हणून त्याला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, शाळेच्या दारापर्यंत फरफटत नेणं हे सगळं नव्या नवरीच्या वाट्याला आलं. पुढे सासू गेली, नवरा गेला, आणि रोपवाटिका थोरलीच्या गळ्यात पडली. शाळेचं तोंड तिने जेमतेम पाहिलेलं. सहीपुरती अक्षरं यायची, तीही एकमेकींवर रुसल्यासारखी तोंडं फिरवून बसायची. पण रोपाचं पान बघून ती त्याची जन्मकुंडली मांडायची, आणि ते सांगताना समोरच्याची भीडभाड ठेवायची नाही.

फाटकापाशी तिची खुर्ची होती. रोप हवं असेल त्याने आधी तिच्यापुढे उभं राहायचं. घर कुठल्या तोंडाचं? सकाळचं ऊन अंगणात आधी कुठे पडतं? गोठलेलं दव कुठल्या कोपऱ्यात दुपारपर्यंत पांढरं राहतं? वारा कुठून घुसतो, पाणी कुठे साचतं? ज्याला सांगता यायचं नाही त्याला ती परत पाठवायची, जा आणि एक थंडी आपलं अंगण बघ म्हणायची. एकदा एका वकिलाने चिडून म्हटलं, बाई, आम्ही मुलीचं लग्न जमवतानाही एवढी चौकशी केली नव्हती. त्यावर थोरली शांतपणे म्हणाली, म्हणूनच मुलगी परत आली असेल. वकील लाल झाला, पण रोपं घेऊनच गेला. कारण त्या गावात थंडी अशी पडायची की इतर ठिकाणाहून आणलेली रोपं पहिल्याच हिवाळ्यात मान टाकायची, आणि थोरलीची टिकायची. जास्वंद मागणाऱ्याला ती सरळ सांगायची की ही उन्हाळ्याची पाहुणी आहे, थंडीत उचलून घरात घेणार असाल तर न्या, नाहीतर उगाच तिचा जीव घेऊ नका.

तिची रोपं टिकायची त्यात जादूटोणा काही नव्हता. रोपवाटिकेची जमीन मागच्या अंगाला उतरत गेलेली, आणि अगदी तळाशी एक खळगा. थंडी पाण्यासारखी असते, उताराने वाहत जाते आणि खोलगटात साचते, असं सासू म्हणायची. फाटकापाशी नुसता गारठा असला तरी खळग्यात झारीतल्या पाण्याचा दगड व्हायचा. बियांपासून वाढवलेलं प्रत्येक रोप एक अख्खा हिवाळा त्या खळग्यात काढायचं, ना वर छप्पर ना अंगावर गोणपाट. मरायचं ते मरायचं. निम्मी तरी मरायचीच. जी उरायची ती उन्हाळ्याच्या तोंडावर वर यायची आणि थोरली स्वतःच्या हाताने एकेकाच्या खोडाला कापडाची चिंधी बांधायची. चिंधी असेल तर ते रोप खळग्यातून जगून आलेलं. चिंधी नसेल तर तुमचं तुम्ही बघा. गावाला एवढं पुरत होतं. शिलाईकाम करणारी एक शिंपीण होती, ती वर्षभर कातरणं साठवून त्या चिंध्यांचं गाठोडं आणून द्यायची, आणि बदल्यात थोरलीशी तासभर भांडून जायची. दोघींची मैत्री ती तेवढीच, पण पक्की.

अलीकडे थोरलीच्या गुडघ्यांनी संप पुकारला होता. उतार उतरणं तिला जमेना. मागची सगळी कामं होयबा बघायचे. ते एक दिवस येऊन म्हणाले, वहिनी, खळग्यातली बाकं कुजली, वाटेवर पाय घसरतो, रोपं उताराच्या वरच्या पायरीवर मागच्या भिंतीकडे हलवली तर? थोरलीने विचारलं, उघड्यावर ना? ते म्हणाले, उघड्यावर म्हणजे, वर थेट आभाळ. ती बरं म्हणाली. उन्हाळ्याच्या तोंडावर रोपं समोर आली ती नेहमीपेक्षा जास्तच आली, कण्हेरीची तर रांगच्या रांग, आणि तिने चिंध्या बांधल्या. मनात म्हणाली, पोरगा शिकला म्हणायचा. धाकटीला, म्हणजे होयबाच्या बायकोला, तिने सांगूनही टाकलं, की अजून एक थंडी जाऊ दे, मग फाटकावरच्या खुर्चीत तुझा नवरा बसेल. मी आता आडवी होऊन तुम्हाला नावं ठेवायला मोकळी. सगळ्या गावाला हे ठाऊक झालं. होयबा तर आतापासूनच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायला लागले होते.

आणि ती एक थंडी अशी पडली की नळ फुटले.

कडाका जरा ओसरल्यावर एका सकाळी शिंपीण आली. हातात चिंध्यांचं गाठोडं नव्हतं. एक वाळकी काटकी होती, मुळासकट उपटलेली, आणि तिच्या बुडाला निळी चिंधी तशीच्या तशी. तिने ती थोरलीच्या मांडीवर टाकली.

"चिंधी माझी," शिंपीण म्हणाली, "गाठ तुझी. मग हे मढं कोणाचं?"

थोरलीने नखाने खोडाची साल खरवडली. आत तपकिरी. जरा खाली खरवडलं, तपकिरी. अगदी मुळापाशी खरवडलं, तिथेही हिरवेपणाचा मागमूस नाही. खळग्यातून आलेली कण्हेर थंडीत फार तर शेंड्याला करपते, बूड सोडत नाही. हे रोप तर पहिल्या माराला उताणं पडलेलं. किती गेली, असं थोरलीने विचारलं. शिंपीण म्हणाली, सगळी. रस्त्याकडेचं सगळं कुंपण. एक नाही उरलं.

हे कुंपण शिंपिणीने हौसेखातर लावलं नव्हतं. तिचा नवरा ड्रायव्हर. आयुष्यभर बस हाकली, अख्ख्या गावाला नावानिशी ओळखायचा, खिडकीतून हात काढून ओरडायचा. मग एका बाजूने अंग लुळं पडलं, तोंड वाकडं झालं. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीत रोज उन्हात निजवा. अंगण रस्त्याला लागून, आणि ज्याने उभ्या गावाला हात केला त्याला तेच गाव आपल्याकडे कळवळून बघतंय हे सोसवेना. म्हणून कण्हेर. कमरेएवढी होती, दाट, बारमाही हिरवी, खाटेवर निजलेल्या माणसाला तेवढी पुरेशी. एवढे दिवस तो त्या आडोशाला ऊन खायचा, पलीकडून जाणाऱ्या बसच्या आवाजावरून कुठल्या गाडीचा गिअर अडकतो ते बायकोला सांगायचा. आता कुंपणाचा सांगाडा झाला आणि त्याने बाहेर यायचंच सोडलं. खाट बाहेर ओढायला गेलं की चांगल्या हाताने दाराची चौकट धरून ठेवतो, म्हणाली. आणि तिने नाक ओढलं, पण रडली नाही. रडणाऱ्यातली ती नव्हतीच.

होयबा तेवढ्यात झारी घेऊन आले आणि त्यांनी काटकीकडे एक नजर टाकली. अरेरे, मावशी, असं करत शेजारी बसले. पाणी जास्त झालं असणार. कण्हेरीला पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, मग थंडी निमित्त होते. तुम्ही बायका माया करता ना, ती पाण्यातून करता. असू दे, उन्हाळ्यात नवी देतो, याहून सुरेख.

शिंपीण त्यांच्याकडे अशी बघत राहिली, जशी ती उसवलेल्या शिवणीकडे बघायची. मग म्हणाली, मी आयुष्यात कण्हेरीवर माया केलेली नाही, आणि पाणी तर शेजारच्या नळावरून आणते, ते वाया घालवायला मी राणी लागून गेले नाही. आणि उठून गेली. काटकी थोरलीच्या मांडीवर राहिली.

थोरलीचं डोकं फिरलं ते त्या क्षणी. रोप मेलं याचा राग वेगळा. पण जिचं मेलं तिच्याच माथी खापर फोडायचं? तिने काठी घेतली. होयबा म्हणाले, वहिनी, कुठे निघालीस, पाय घसरेल. तिने ऐकलंच नाही. गुडघ्यांना शिव्या घालत ती मागच्या बाजूला निघाली, एका हातात काठी, दुसऱ्या हातात ती वाळकी काटकी.

खळगा वरून दिसला. रिकामा. बाकं उलथीपालथी पडलेली, ऊन चांगलं वर आलं तरी तिथल्या तणावर अजून पांढरा थर. आणि वरच्या पायरीवर मागच्या भिंतीला चिकटून यंदाची रोपं ओळीने मांडलेली, हिरवीगार, तजेलदार, जणू काल लग्नाला जाऊन आलीत. खळग्यात हिवाळा काढणारं रोप कधी असं दिसत नाही. ते काळवंडतं, आक्रसतं, पानं अंगाशी घेऊन बसतं. ही सगळी पानं पसरून बसली होती. कुंड्यांच्या मधोमध शेजारपाजारच्या मांजरांचा मेळा भरला होता. एक मांजर पोट वर करून, चारी पाय पसरून निजलेलं. आता मांजराला कोणी शाळेत घातलेलं नसतं, पण ऊब कुठे आहे हे त्याला विचारावं. थोरली पुढे झाली आणि तिने भिंतीवर तळवा टेकला.

भिंत कोमट होती. चुलीवरून उतरवून ठेवलेल्या भांड्यासारखी.

भिंतीपलीकडे धुलाईचा कारखाना. दवाखान्यांच्या, लॉजच्या चादरी तिथे धुतल्या जायच्या. पूर्वी त्या गच्चीवर वाळायच्या, आता आत मोठमोठी यंत्रं बसवली होती, दिवसरात्र गरम वाफ ओकणारी, आणि ती नेमकी याच भिंतीला लावलेली. कान दिला तर त्यांची घरघर ऐकू येत होती. म्हणजे वर थेट आभाळ होतं, यात भाऊजी खोटं बोलले नव्हते. फक्त पाठीशी शेगडी होती. आणि अशी शेगडीपाशी बसून थंडी काढलेली रोपं समोर आणून ठेवली, आणि थोरलीने आपल्या हाताने एकेकाच्या गळ्यात चिंधी बांधली.

होयबा मागोमाग आले होते. थोरलीने वळून पाहिलं.

"भाऊजी," ती म्हणाली, "जरा इथे हात लावता का?"

थोरली त्यांना एरवी अरे-तुरे करायची. ती अहो-जाहोवर आली की घरातल्या मांजरानेही बाहेरचा रस्ता धरावा. होयबांनी हात लावला आणि डोळे मोठे केले. अरेच्चा, गरम आहे की. मला काय माहीत वहिनी, मी आपला रोपं ठेवतो आणि जातो. थंडीत हात खिशात असतात, भिंत कोण चाचपतं? शप्पथ. ते इतक्या भाबडेपणाने बोलले, की तोच तो मोडका डबा घेऊन उभा असलेला पोरगा थोरलीच्या डोळ्यांसमोर आला.

हातून चूक झाली असेल तर ती पोटात घालायला थोरलीचं पोट मोठं होतं. सासूनेही चुका केल्या होत्या, नवऱ्याने तर ढिगाने. अडाण्याला शिकवता येतं. पुन्हा खळगा साफ करू, बाकं नवी टाकू, गावभर फिरून सांगू की बाबांनो, गेल्या वर्षीच्या चिंधीवर जाऊ नका. नाक कापलं जाईल, पण नाक उगवतं. खुर्ची द्यायची की नाही याचा विचार मात्र तिने मनात तसाच अडकवून ठेवला, वाळत घातलेल्या कपड्यासारखा. चूक असेल तर खुर्ची आज ना उद्या यांचीच. पण यांना आधीच कळलं असेल तर? मग ती चूक नव्हे. तिने भाऊजींना एवढंच सांगितलं, की भिंतीकडची सगळी रोपं आज खळग्यात गेली पाहिजेत, आणि मी म्हणेपर्यंत फाटकातून पान बाहेर जाणार नाही. ते हो म्हणाले. ते काय, हो म्हणायलाच जन्मले होते.

पण राग काही बसेना. मातीत खुपसलेल्या काठीसारखा तो उभाच. काठी टेकत ती तशीच धाकटीकडे निघाली. होयबा नि धाकटी गल्लीच्या टोकाला वेगळे राहायचे. धाकटीला दुसऱ्याच्या चुलीवर स्वतःचं पातेलं चालायचं नाही, म्हणून लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी वेगळा संसार मांडला होता. थोरलीला त्याचं काही वाटलं नव्हतं, उलट दोन वेळची कटकट गेली. तिच्या मनात एवढंच होतं की खुर्चीचं लांबलं हे धाकटीला आपल्याच तोंडून कळावं, लोकांकडून नको.

तिथल्या फाटकाशी ती थबकली.

होयबाच्या घरासमोरची जागा उघडी बोडकी. गल्ली तिथे संपते आणि पुढे मोकळं माळरान, तिकडून येणारा वारा सरळ अंगणात शिरतो. त्या गल्लीत सगळ्यात वाईट थंडी कुठे पडत असेल तर इथे. आणि त्या अंगणाच्या कडेला कण्हेरीचं कुंपण उभं होतं. शिंपिणीने लावली त्याच हंगामात लावलेलं. शेंडे तेवढे जरासे करपलेले, पानं आक्रसून अंगाशी घेतलेली, पण खालपासून वरपर्यंत हिरवं. थोरलीने वाकून नखाने खोड खरवडलं. नखाला ओला हिरवा रस लागला. तिने दुसरं खरवडलं, तिसरं खरवडलं. सगळी जिवंत. एकाही खोडाला चिंधी नव्हती, म्हणजे ही रोपं तिच्या हाताखालून गेलीच नव्हती.

आतून धाकटी आली, ओले हात पुसत. धाकटी बाई मनाची निर्मळ, पण तोंडाला झाकण नाही. पोटात काही ठेवायचं ठरवलं तरी ते जांभईबरोबर बाहेर पडायचं. ती म्हणाली, जाऊबाई, तुम्ही चालत आलात? गुडघे? बसा, चहा टाकते. थोरली बसली नाही. तिने कुंपणाकडे मान हलवून म्हटलं, छान राहिली हो तुझी कण्हेर. एवढ्या थंडीत गावभर मेली, तुझ्या दारात जगली. हात चांगला दिसतो तुझा.

आणि धाकटी खुलली. कौतुक तिच्या वाट्याला तसं कमीच यायचं.

"माझा कसला हात जाऊबाई, यांचीच अक्कल," ती म्हणाली. "मी भिंतीकडची घ्या म्हणत होते, ती दिसायला भरघोस. तर हे म्हणाले, वेडी आहेस का, ती ऊब खाऊन वाढलीत, पहिल्या थंडीत मरतील. घरच्यासाठी खळग्यातली शेवटची ठेवलीत म्हणाले."

बोलून झाल्यावर तिला थोरलीचं तोंड दिसलं. तिचे ओले हात तिथल्या तिथे थांबले. तिने विचारलं, मी काही चुकीचं बोलले का? थोरली म्हणाली, नाही ग, या घरात खरं बोलणारी तू एकटीच निघालीस. जा, नवऱ्याला बोलाव.

ती गेली. थोरली कुंपणापाशी उभी राहिली. एखाद्याने विष विकावं आणि घरच्या पाण्याच्या हंड्याला मात्र कुलूप लावावं, तसलं हे. ती वाळकी काटकी तिच्या हातात अजून होती. तिला दिसत होतं ते एकच, दाराची चौकट धरून बसलेला ड्रायव्हर. आणि त्याच्या बायकोला हा समोर बसून सांगतो, तू पाणी जास्त घातलंस.

होयबा आले ते हसतच आले. पण फाटकापाशी येईपर्यंत त्यांचं हसू पायातल्या वहाणेसारखं बाहेर राहिलं. थोरलीने नुसतं काठीचं टोक त्या हिरव्या खोडाला टेकवलं आणि दुसऱ्या हातातली काटकी वर धरली.

ते आधी बायकोवर घसरले, हिला काही कळत नाही म्हणाले. थोरली बघत राहिली. मग म्हणाले, तसं नव्हे, मला नक्की माहीत नव्हतं, नुसती शंका होती. थोरली बघत राहिली. मग मात्र ते चिडले. आणि चिडल्यावर प्रथमच खरं बोलले. दरवर्षी निम्मी मरतात वहिनी, म्हणाले. बी मी पेरतो, पाणी मी घालतो, आणि एका रात्रीत निम्मी काळी पडलेली सकाळी मीच उचलून फेकतो. तू वर खुर्चीत. तुला फक्त जगलेली दिसतात. लोक येतात, मागतात, नाही म्हटलं की चार तोंडांनी बोलतात. भिंतीकडे ठेवली, एक मेलं नाही, माझा जीव आनंदला. विकताना वाटलं, जगतील. थोडी जगतीलही कोणाकडे. सगळं आईच्या मापानेच चालायला पाहिजे का?

थोरलीने ते सगळं ऐकून घेतलं. त्यात खोटं होतं तसं खरंही होतं. मेलेली रोपं उचलायचं दुःख तिला ठाऊक नव्हतं थोडंच. नवरा होता तोवर ती स्वतःच उचलायची, आणि खळग्यातच बसून आधी जरा रडायची, मग नाक पुसून दुसरं बी पेरायची. म्हणून तर तिचा राग विरघळला नाही, उलट टणक झाला.

"मरायची ती इथेच मरू देत," ती म्हणाली, "म्हणून तर खळगा आहे. लोकांच्या दारात मरायला नकोत."

होयबा म्हणाले, मग आता काय, उन्हाळ्यात शिंपिणीला नवी देऊ, फुकट देऊ, झालं? आणि एवढ्यावर मिटव वहिनी, गावात कोणाला कळायची गरज नाही. मी तुझ्या हातचा आहे. असं म्हणून त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला, लहानपणी काही फोडलं की ठेवायचे तसा.

थोरलीने तो हात उचलला आणि बाजूला केला. रागाने झटकला असता तर त्यांना परवडलं असतं. तिने तो नीट उचलून, परक्याची वस्तू परत द्यावी तसा त्यांच्या अंगाशी ठेवला. धाकटी दारात तोंडावर हात घेऊन उभी होती. गल्लीतून दोघं-तिघं जाता जाता रेंगाळली, आणि थोरलीने आवाज खाली केला नाही. उलट जरा चढवलाच, म्हणजे पुन्हा कोणाला सांगत बसायला नको.

"उन्हाळा शिंपिणीला नको आहे, भाऊजी, तिच्या नवऱ्याला आजचं ऊन हवं आहे. कुदळ घ्या. हे कुंपण मुळांशी मातीचा गड्डा धरून तुम्ही स्वतः उकरायचं, मजूर नाही लावायचा, आणि आजच्या आज ड्रायव्हरच्या अंगणात उभं करायचं. एक मूळ तुटलं तर मला कळेल. तिची मेलेली कण्हेर इथे आणून रोवायची, ओळीने, या तुमच्या दारात, आणि येणारा-जाणारा विचारेल त्याला सांगायचं की ही मी विकली. मग ज्यांच्या ज्यांच्या घरी भिंतीकडची रोपं गेली त्यांच्या दारात माझ्यासोबत यायचं आणि तिथेही तेच सांगायचं. फाटकावरची खुर्ची मागू नका. मी असेपर्यंत मी बसेन, नंतर कोण बसेल ते माहीत नाही, पण तुम्ही नाही. तुम्ही खळग्यात काम करायचं, गिऱ्हाइकाशी एक शब्द बोलायचा नाही, होसुद्धा नाही. अडाणी असता तर मी तुम्हाला पोटाशी धरलं असतं, आयुष्यभर धरलंच होतं. पण कुठलं रोप मरणार हे तुम्हाला कळत होतं, भाऊजी. कळत होतं म्हणून आपल्या दारात जगणारं लावलंत आणि त्या लुळ्या माणसाच्या दारात मरणारं. याला माझ्याकडे माफी नाही."